डोळा मिटतो तेवढ्यात

१२ जानेवारी, रविवार

आज मी सातपूरला राहायला आले. गाव सोडताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. टेम्पो आमच्याच गल्लीतल्या बंटीचा. पोती चढवताना त्याने विचारलं, की मावशी, ह्यात कांदे आहेत का दगड. पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, मग दगडच. दिंडोरीपासून इथपर्यंत हसवत आणलं त्याने. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, त्यावर धुकं, आणि घडांत पाणी भरायला लागलेलं. ह्या दिवसांत मी आजवर कधी रिकामी बसले नव्हते.

माझ्या मुलाचं, संघर्षचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीतून कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसतात. शिफ्ट सुटली की खालून मोटारसायकलींचा लोंढा जातो, त्यात माझा मुलगा ओळखायचा म्हणजे हेल्मेटांच्या रंगावरून. मला गॅलरीला लागून पडद्यामागची जागा दिली आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होताच, त्याच्या खाली संघर्षच्या वडिलांचा लावला. त्यांचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही, पण कागदावर लिहायला हरकत नाही. कोंडाजी. मागच्या दिवाळीनंतर गेले. छाटणी करता करता वेलीखाली बसले, आणि मी पाणी घेऊन गेले तर बसलेलेच होते.

मी शाळेत गेले नाही. फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवर वाचायला शिकले, कारण औषध मी मोजून द्यायचे आणि चुकलं तर बाग जळायची. नंतर विहारातलं कपाट वाचून काढलं. लिहायची सवय तिथूनच लागली.

आणि पिंकी, माझी नात. बारशाचं नाव वेगळं आहे, पण सगळे पिंकीच म्हणतात. मुठी घट्ट आवळून झोपते, आजोबांसारखी. जागी झाली तेव्हा मी हात पुढे केले. अंजली, म्हणजे सूनबाई, म्हणाली की आई, आत्ताच पाजलंय, राहू द्या. राहू दिलं. आता इथेच तर राहायचं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या सगुणाबाई तिळगूळ घेऊन आल्या. माझ्यासमोरच अंजलीला विचारलं, की सासूबाई चार दिवस आल्यात का कायमच्या. मग माझ्या हातांकडे बघत बसल्या. मी बांगड्या घालते. कोंडाजी गेले तेव्हा एक बाई त्या फोडायला पुढे आली होती, तिला आमच्या बायकांनीच मागे ओढलं. सगुणाबाई म्हणाल्या, तुमच्यात चालतं वाटतं हे. मी म्हटलं, चालतं. हळदीकुंकवाचं बोलावणं अंजलीला दिलं, तेसुद्धा मला ऐकू जाईल असं. त्या गेल्यावर अंजली मलाच बोलली. त्यांना उत्तरं देत जाऊ नका, आम्हाला ह्या बिल्डिंगमध्ये राहायचंय.

पिंकीची अंघोळ प्लास्टिकच्या टबात असते. मी विचारलं, पायांवर घेऊन घालू का. आमच्याकडे बाळाला तशीच घालतात. आजी पाय लांब करून पाटावर बसते, नडग्यांवर बाळ उपडं, गरम पाणी पाठीवरून. संघर्षला मीच तशी घातली आहे. अंजली आधी डॉक्टरांचं सांगत होती. मग म्हणाली, खरं सांगू का आई, तुमचे हात थरथरतात. चहाची बशी वाजते तुमच्या हातात. लेकरू निसटलं तर.

बशी वाजते हे खरं आहे. कोंडाजी गेल्यापासून वाजते.

१८ जानेवारी, शनिवार

दिवसभर काम असं नाही. भाकरी माझ्याकडे, बाकी अंजलीकडे. ती पिंकीला घेऊन आतल्या खोलीत असते आणि दार लोटून घेते. मी गॅलरीत.

संघर्षने मला त्याचा जुना मोबाईल दिला आहे. त्यावर हात थरथरणं थांबवायचे व्यायाम शोधत होते. बोटं अशी उघडा, अशी मिटा. त्यातून कुठून कुठून फिरत एका माणसावर येऊन थांबले. हातचलाखी शिकवतो. नाव गोटीराम. तोंड दिसत नाही, नुसतं काळं फडकं घातलेलं टेबल आणि दोन हात. हात म्हातारे आहेत, पण काय हात आहेत. रुपया एका बोटावरून दुसऱ्यावर जातो तो जणू उतारावरून पाणी जावं तसा. बोटांचा थरथराट घालवायचा तर आधी हे करा, असं तोच म्हणतो पहिल्या धड्यात.

बोलायला मात्र कडू. शिकणाऱ्याला शिव्याच देतो. म्हणे, ही बोटं आहेत का शेवग्याच्या शेंगा. म्हणे, तुझ्यासारख्याच्या हातून नाणं पडतं तेव्हा नाण्याला सुटल्यासारखं वाटतं. मला हसू आलं. माझ्या सासऱ्यांचं तोंड असंच होतं.

रुपया घेऊन बसले. पडतच होता. संध्याकाळपर्यंत पडला.

२२ जानेवारी, बुधवार

रुपया आता पडत नाही.

गोटीराम शिकवतो ते असं. उजव्या हातातला रुपया डाव्या हातात दिल्यासारखा करायचा, द्यायचा नाही. मूठ उघडली की रुपया गायब. खरा रुपया तो कोटाच्या बाहीत सोडतो. माझ्याकडे कोट कुठला. मी मांडी घालून बसते तेव्हा मांडीत साडीचा झोळ होतो, त्यात सोडते. बाळ निजवतो तीच जागा.

आज त्याने एक गंमत सांगितली. नवशिका आरशासमोर बसून सराव करतो, आणि नेमक्या लबाडीच्या क्षणी त्याचा डोळा मिटतो. आपलीच लबाडी आपल्याला बघवत नाही. म्हणून आरशात त्याला वाटतं, अरे वा, रुपया खरंच गेला. मी कपाटाच्या आरशासमोर बसून पाहिलं. खरंच. हात जवळ येतात, काहीतरी होतं आणि रुपया नाही. ते काहीतरी मला दिसतच नाही.

बाकीचे गुरू सांगतील ही खोड मोडा, तो म्हणतो. मी सांगतो, वाढवा. डोळा शिकला नाही बघायला, तर हात मोकळा होतो. जे तुलाच कळलं नाही ते समोरच्याला काय कळणार.

मी वाढवते आहे. एक गोष्ट लिहून ठेवते, कुणाला सांगण्यासारखी नाही. डोळा मिटतो तेवढ्या वेळात काहीच दुखत नाही. कोंडाजी गेले हेसुद्धा तेवढ्यापुरतं नसतं. गेल्या दिवाळीपासून असा एक क्षण मिळाला नव्हता.

२७ जानेवारी, सोमवार

आज चहा नेऊन दिला आणि बशी वाजली नाही. अंजलीने माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपारी तिचा उसवलेला ब्लाउज शिवायला मागून घेतला. सुई पहिल्या फटक्यात ओवली. तेव्हा म्हणाली, हे काय औषध घेतलंत आई, मलाही सांगा. ती माझ्याशी हसून बोलली ती आज पहिल्यांदा.

मग मी संघर्षला जादू करून दाखवली. रुपया घेतला, मूठ उघडली, गायब. त्याने टाळी वाजवली, म्हणाला, आई, तुला आता कंपनीच्या गॅदरिंगला नेतो. परत काढ म्हणाला. मी मांडीत चाचपलं. रुपया नव्हता. उठून साडी झटकली, चटई झटकली. संघर्षला वाटलं हीच जादू. जेवायला बसल्यावरही विचारत होता, कुठे लपवलास सांग ना.

मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

२९ जानेवारी, बुधवार

गोटीराम म्हणतो, आरशावर भागत नाही, स्वतःचं चित्रण करा. अंजली पिंकीला घेऊन डोस द्यायला गेली होती. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि रुपया घेऊन बसले. नेहमीसारखं. डोळा मिटला, उघडला, रुपया नाही. एवढंच.

मग चित्रण पाहिलं.

त्यात मी डोळे मिटते आणि ते उघडतच नाहीत. भात शिजून उतरवावा एवढा वेळ. मी ताठ बसलेली, चेहरा शांत, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. आणि हात काम करतायत. मी शिकलेच नाही अशा गोष्टी करतायत. शेजारी शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान होतं, ते घेतलं. माझ्या चष्म्याच्या दोरीतला मणी काढला. एकेक उचलून दाखवतात, मांडीत सोडतात. मांडीत काही पडल्यासारखं साडी हलतसुद्धा नाही. शेवटी दोन्ही तळवे उघडून समोर धरतात, काही नाही बघा, असे. तेव्हा डोळे उघडतात.

अंगुस्तान नाही. मणी नाही. घर पालथं घातलं.

गोटीरामचे सगळे धडे चाळले. गायब करायचेच आहेत. परत आणायचा एकही नाही अजून. पुढच्या धड्यांत असेल. त्या धड्यासाठी मी का थांबले आहे ते लिहीत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

अंजलीची आई मालेगावहून येणार होती, ती घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. अंजलीची रजा संपते आहे. नोकरी नवी, वाढवून मागायची सोय नाही. काल रात्री दोघांचं आत बोलणं चाललं होतं. आज सकाळी अंजली म्हणाली, आई, पिंकीला आता तुम्हालाच बघायचंय, तर आजपासून अंघोळ तुम्ही घाला. मी समोर बसते.

मी पाय लांब करून बसले. तिने पिंकीला माझ्या नडग्यांवर ठेवलं. ते वजन. तेल लावलेली ती पाठ, माशासारखी. माझे हात स्थिर होते. इतके स्थिर हात मला तरुणपणीही नव्हते. पिंकी रडली नाही, अंजली बघत राहिली, आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली.

मी पिंकीच्या डोक्यावर पाणी घेतलं. डोळ्यात वाफ गेली. पापणी लवली.

उघडली तेव्हा बादलीतलं पाणी गार झालं होतं. पिंकी माझ्या पायांवरच होती, ओठ निळसर, कुडकुडत होती. तिच्या डाव्या पायात वाळा नव्हता. माझे दोन्ही तळवे समोर उघडे होते.

अंजलीने मोरी शोधली, जाळी काढून शोधली. वाळे तिच्या आईने दिलेले. मला तोंडावर काही बोलली नाही. संघर्षला आत बोलली, ते मला ऐकू आलं. जादू शिकतायत ना, म्हणाली. आता कळलं कशासाठी.

२ फेब्रुवारी, रविवार

धडे बंद केले. मोबाईलमधून गोटीराम काढून टाकायला संघर्षला सांगितलं, त्याने काढला. संघर्ष मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, आई, वाळा असला तर नुसता गॅलरीत ठेव, कुणी विचारणार नाही. मी ह्याला पाठीला बांधून बागेत काम केलं आहे.

दळण निवडत बसले. हात कामात असले की बरं असतं. सुपात अर्धे गहू होते. डोळा मिटला. सूप रिकामं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्याखाली मांजरीची पिल्लं आहेत. एक भुरं पिल्लू वर येतं, गॅलरीत ऊन खात बसतं. आज आपण होऊन माझ्या मांडीत चढलं आणि घुर्र घुर्र करत निजलं. मी हात लावला नव्हता. हात मुद्दाम पाठीमागे धरले होते.

नंतर ते पुढे होते. उघडे. तळव्यांवर भुरे केस आणि ऊब. मांडी गार.

ती मांजर खाली ओरडते आहे. सगुणाबाई जिन्यातून कुणाला तरी सांगत होत्या, की वरच्या म्हातारीने पिल्लू फेकलं असेल, त्या लोकांना काय दयामाया. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. फेकलं नाही, एवढं म्हणू शकले असते. मग पुढे काय सांगणार होते.

आधी रुपया. मग अंगुस्तान. मग पिंकीच्या अंगावरची वस्तू. मग जीव. मला अक्षरं लावता येतात, हेही लावता येतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गोटीराम मोबाईलमध्ये परत आला आहे. मी उघडला नाही, तो चालूच होता. काळं फडकं, दोन हात. शेवटचा धडा, म्हणाला. मी उभ्या उभ्या ऐकला, कारण तो परत आणायचा असेल असं वाटलं.

म्हणाला, सगळे विचारतात, परत कसं आणायचं. जे परत येतं ते गेलेलंच नसतं. ते बाहीत असतं. मी तुम्हाला नुसती बाहीची लबाडी शिकवली नाही, खरं घालवायला शिकवलं. आता हात पक्के झाले, तुमची गरज नाही.

मग त्याने तळवे दाखवले. ते म्हातारे हात. मनगटांच्या मागे कुणी माणूस आहे असं मला पहिल्यापासून का वाटत होतं? फडक्याच्या पलीकडे काही नव्हतं.

संघर्षला दाखवलं. त्याच्या समोर पडदा काळा. म्हणाला, आई, चार्जिंग संपलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. लाज ठेवली नाही. म्हटलं, पिंकीला माझ्याकडे ठेवू नका. माझे हात माझे राहिले नाहीत.

अंजली म्हणाली, हात थरथरत होते तेव्हा लेकरू द्या म्हणून मागे लागलात. आता हात बरे झाले आणि कामाची वेळ आली, तर ही नाटकं.

मी चित्रण दाखवायला गेले. ते मोबाईलमध्ये नव्हतं.

संघर्ष म्हणाला, तुला सांभाळायचं नसेल तर सरळ सांग, बाबांच्या दुःखावर घालू नकोस. हे बोलल्यावर तो रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवणार होते. फिरवला नाही. हात पदरात गुंडाळून ठेवले.

संध्याकाळी त्याने हॉलमध्ये छताजवळ कॅमेरा लावला. अंजली ऑफिसातून मोबाईलवर बघणार. मला म्हणाली, तुमच्यावर अविश्वास नाही आई, पण वाळ्याचं झालंय ना. मी म्हटलं, असू दे, आणि सारखी बघत राहा. मी मनापासून म्हटलं. तिला तो टोमणा वाटला.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहाटे ठरवलं होतं की गावी निघून जावं. म्हणजे दोघांतल्या कुणाला तरी घरात पिंकीजवळ थांबावंच लागेल. चपला शोधल्या. नव्हत्या. दोन्ही.

शोधेपर्यंत दोघं कामावर गेली. मी पिंकीला पाळण्यात ठेवून लांब बसले, भिंतीला टेकून, हात बुडाखाली. बाटली द्यायची तेवढी तोंडाशी उशीवर टेकवून दिली, हात लावला नाही. रडली तर लांबूनच गाणं म्हटलं. अंजलीचा फोन आला. लेकराला उचलत का नाही, दगड आहात का.

अनवाणी सगुणाबाईंकडे गेले. म्हटलं, दिवसभर तुमच्याकडे ठेवा तिला, पाया पडते. म्हणाल्या, नातीसाठी आलात ना मोठ्या तोऱ्यात. आणि आमचं सोवळ्याचं घर. दार लावून घेतलं.

वर आले. पिंकी होती. आजचा दिवस गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळ. दोघं गेली. मी दाराला बाहेरून कडी घालून जिन्यात बसले. आत पिंकी आणि बाहेर मी, एवढं अंतर असलं तर — पण ती रडली. घुसमटल्यासारखी. रडू ऐकून कोणती आजी जिन्यात बसेल.

लंगोट बदलला. बघत बघत, डोळे ताणून. पापणीला बोटाने धरून ठेवायला जावं तर बोटंही त्या हातांचीच.

आता ती निजली आहे. पाळणा हॉलमध्ये सरकवून अगदी कॅमेऱ्यासमोर आणला. डावं मनगट ओढणीने पाळण्याच्या दांडीला बांधलं आहे, दातांनी गाठ ओढून. उजव्या हातात पेन. म्हणून लिहिते आहे. पेन चालतंय तोवर हा हात कुठे आहे ते मला दिसतं.

डोळे जळतायत. थांबायचं नाही.

काय लिहू. बागेत आता घड उतरवत असतील. पेट्यांत कागद घालायचं काम माझं असायचं. कोंडाजी म्हणायचे, तुझ्या हाताचा घड दबत नाही. त्यांना वाईट वाटेल — नाही, त्यांचं लिहायला नको. त्यांचं आठवलं की डोळा

ऊन सरकलं आहे. मघाशी पाळण्यावर होतं, आता भिंतीवर. पेन हातातच आहे. पाळणा हलत नाही. कड उंच आहे, इथून आतलं दिसत नाही, फक्त दुपट्याची किनार. हात बांधलेला असल्यामुळे उठता — उठते. ही ओळ संपवून उठते. आधी ऐकते. श्वास ऐकू येतो. माझाच असेल.

फोन वाजतोय. अंजली. उचलला, कानाशी धरला आहे, लिहिणं सोडलं नाही. कानाशी धरलाय तो डाव्या हाताने. त्याची गाठ —

ती ओरडत नाहीये. हळू बोलते आहे, लहान मुलाशी बोलावं तशी. विचारते, आई, मघापासून दोन्ही हात उघडे करून कॅमेऱ्याला काय दाखवताय. विचारते, पाळण्यात पिंकी